ताई, दाजींनी माझाच जुना मेसेज मला दाखवला

या वेळी जुळे सोलापूरहून एका वाचकाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालेत, म्हणून नाव नाही. पत्र मोठं आहे, मोजकं तेवढं देते.

"ताई, मी एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघतो. वय 38. 2021 मध्ये बाबा कोविडने सिरीयस झाले, कुठंच बेड मिळेना, तेव्हा आमच्या भागातल्या एका कार्यकर्त्याने रात्री दोन वाजता फोन फिरवून बेड मिळवून दिला. बाबा आज घरात आहेत ते त्या माणसामुळं. तेव्हापासून मी त्यांच्या पक्षाचा. ग्रुपवर असतो, प्रचाराला पण जातो. माझे दाजी दुसऱ्या पक्षाचे. आधी चेष्टामस्करीत चालायचं. मागं एकदा घरी जेवताना पाण्याचा विषय निघाला. पाच दिवसाआड पाणी येतंय म्हणून दाजी बोलले, मी म्हणालो कामं चालू आहेत, एवढ्या मोठ्या शहराला वेळ लागतोच, जरा दम धरा. दाजींनी मोबाईल काढला आणि फॅमिली ग्रुपवरचा माझाच जुना मेसेज सगळ्यांसमोर वाचला. सत्ता दाजींच्या पक्षाची होती तेव्हा मी लिहिलं होतं, 'चार दिवसाआड पाणी, आपण माणसं आहोत का जनावरं, यांना लाज वाटायला पाहिजे.' मी म्हणालो तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. काय वेगळी होती ते मात्र सांगता आलं नाही. मग आवाज चढले, मी दाजींना गुलाम म्हणालो. आक्का रडत गेली, पंचमीला पण आली नाही. ताई, मी लबाड झालोय का? दाजींचा पक्ष पण काही धुतल्या तांदळाचा नाही हे त्यांना कसं पटवून देऊ? आणि पक्षाविरुद्ध बोललो तर ज्याने बाबांना वाचवलं त्याच्याशी बेइमानी होईल ना?"

भाऊ, तीन प्रश्न विचारलेत आणि तिसरा जाता जाता लिहिल्यासारखा लिहिलाय, पण मला सगळी गाठ तिथंच दिसते. म्हणून लबाडीचं आणि दाजींचं नंतर बघू, आधी त्या बेडचं बोलू.

2021 च्या एप्रिल-मे महिन्यात काय हालत होती ते ज्यांनी काढलंय त्यांना सांगायची गरज नाही. सरकारीत जागा नाही, प्रायव्हेटमध्ये जागा नाही, रेमडेसिवीरची चिठ्ठी घेऊन माणसं या मेडिकलवरून त्या मेडिकलवर फिरत होती, ऑक्सिजनचा बेड आहे का म्हणून रात्रभर फोन. अशा वेळी कुणी तुमच्या वडिलांसाठी मध्यरात्री उठून धावपळ केली असेल तर त्याचे उपकार जन्मभर माना, यातलं तसूभर पण कमी करा असं मी म्हणणार नाही. त्याच्या घरच्या कार्यात पंगतीला वाढायला उभे राहा, त्याच्या अडचणीला पहिले पोचा, तो स्वतः निवडणुकीला उभा राहिला आणि तुम्हाला तो लायक वाटला तर मत पण द्या. आपल्याकडं जाहीरनामे वाचून कुणी पक्ष निवडत नाही, कुणीतरी कधीतरी दाखला काढून दिलेला असतो, पोराच्या ॲडमिशनला शब्द टाकलेला असतो, मयतीला रात्री जीप पाठवलेली असते, आणि तिथून माणूस त्या पक्षाचा होतो. शिकलेले लोक याला नाक मुरडतात. मी मुरडत नाही. अडल्या वेळी दारात आलेल्या माणसाला धरून राहणं ही चांगल्या माणसाचीच खूण आहे.

पण पुढं काय झालं बघा. उपकार केले एका माणसाने, आणि परतफेड तुम्ही करायला लागलात अख्ख्या पक्षाची, आणि ती पण कष्टाने किंवा पैशाने नाही, स्वतःच्या मताने. त्या माणसाने बेड मिळवून दिला यावरून तो माणूस चांगला आहे एवढं कळतं. नळाला किती दिवसांनी पाणी येतंय, ते कुणाच्या चुकीमुळं येत नाही, टेंडरमध्ये काय झालं, यातलं काहीच त्यावरून कळत नाही. तुमच्या मनात मात्र या दोन गोष्टी एकमेकीला चिकटल्यात, म्हणून दाजी पाण्याबद्दल बोलले की तुम्हाला ते बाबांच्या बेडबद्दल बोलल्यासारखं लागतं. जेवताना तुमचा आवाज चढला तो पाण्यासाठी चढला नव्हता, असं मला तुमचं पत्र दोनदा वाचून वाटलं.

ज्यांच्या जयंतीला आपल्या शहरात सगळ्याच पक्षांचे बॅनर लागतात त्या डॉ. आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत केलेल्या भाषणात अगदी हाच विषय आहे. देशासाठी आयुष्य घालवलेल्या माणसांबद्दल कृतज्ञ असण्यात गैर काही नाही, पण कृतज्ञतेला सुद्धा मर्यादा असते, असं ते म्हणाले. ओकॉनेल नावाच्या आयरिश देशभक्ताचा दाखला देऊन त्यांनी सांगितलं की कुठलाही माणूस स्वतःच्या इज्जतीची किंमत देऊन कृतज्ञ राहू शकत नाही. आणि धर्मात भक्ती असेल मुक्तीचा मार्ग, पण राजकारणातली भक्ती हा अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा रस्ता आहे, हे पण त्याच भाषणात आहे. विचार करा, ते देश घडवणाऱ्या मोठमोठ्या माणसांबद्दल बोलत होते, तिथं पण त्यांनी मर्यादा घातली, मग वॉर्डातल्या एका उपकारापायी तुम्ही डोळ्यासमोरचा कोरडा नळ नाकारायचा हे कसं चालेल? तुमच्या कार्यकर्त्याने तरी हे मागितलंय का तुमच्याकडं? पत्रात तसं काही नाही. ती अट तुम्हीच घालून घेतली आहे.

आता लबाडीचं. माझ्या मते तुम्ही लबाड नाही, आणि हे मी मन राखायला म्हणत नाही. लबाड माणसाला माहीत असतं की आपण खोटं बोलतोय. तुम्हाला जेवताना खरंच वाटत होतं की परिस्थिती वेगळी आहे. हे जास्त अवघड आहे, कारण लबाडी माणूस ठरवून सोडू शकतो, हे जे होतं ते आपल्याला न विचारता होतं.

यावर लोकांनी बराच अभ्यास केलाय. अमेरिकेत 1951 साली प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच झाली, त्यांच्याकडचं धक्काबुक्कीचं फुटबॉल. मॅच फार रानटी झाली, एका बाजूच्या स्टार खेळाडूचं नाक फुटलं, दुसऱ्या बाजूच्या एकाचा पाय मोडला, आणि नंतर दोन्हीकडची पोरं कितीतरी दिवस एकमेकांना शिव्या घालत बसली. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोन मानसशास्त्रज्ञांनी दोन्ही कॉलेजच्या पोरांना त्याच मॅचची तीच फिल्म दाखवली आणि सांगितलं, फाउल मोजा. प्रिन्स्टनच्या पोरांना डार्टमथचे जेवढे फाउल दिसले त्याच्या निम्मे पण खुद्द डार्टमथच्या पोरांना दिसले नाहीत. 1954 ला हा अभ्यास छापून आला. यातलं मला जे महत्त्वाचं वाटतं ते हे की ही पोरं फाउल बघून ते लपवत नव्हती, त्यांना ते दिसतच नव्हते. पार्कवर मॅच बघायला गेलेला कुणीही हे ओळखेल, आपला बॅट्समन एलबीडब्ल्यू दिला की अंपायर विकला गेलेला असतो.

राजकारणात हे अजून पुढं जातं. 2003 मध्ये जेफ्री कोहेन नावाच्या संशोधकाने कॉलेजच्या पोरांना गरिबांना मदत करायच्या सरकारी योजना वाचायला दिल्या, एक सढळ हाताची आणि एक एकदम कडक. ज्यांचे विचार एरवी सढळ मदतीच्या बाजूचे होते त्यांना पण कडक योजना आवडली, फक्त एवढं सांगायचं की याला तुमच्या पक्षाचा पाठिंबा आहे. उलट बाजूला पण तेच. योजनेत काय लिहिलंय यापेक्षा वरचं लेबल भारी पडलं. आणि नंतर विचारलं तर पोरं म्हणाली, आम्ही योजना वाचूनच मत बनवलं, पक्षाचं नाव बघून बाकीचे लोक भुलतात. दाजींना गुलाम म्हणताना तुम्हाला पण अगदी असंच वाटलं असणार ना, की पक्षाचं नाव बघून बोलणारा माणूस समोर बसलाय, आपल्या खुर्चीवर नाही.

तुम्ही अकाउंट्सवाले, आकड्यात पक्के, तर तुमच्यासाठी अजून एक. डॅन काहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हजाराहून जास्त लोकांना आकड्यांचा एक तक्ता दिला. काहींना सांगितलं की हे अंगावरच्या पुरळाच्या मलमाचे आकडे आहेत, मलमाने पुरळ कमी होतं की वाढतं ते सांगा. काहींना तेच आकडे दिले पण सांगितलं की गावात लोकांनी बंदूक लपवून फिरायला बंदी केली, त्याने गुन्हे कमी झाले की वाढले ते सांगा. मलमाच्या वेळी ज्यांचं गणित चांगलं त्यांचं उत्तर बरोबर. बंदुकीच्या वेळी मात्र गणित चांगलं असणारे लोक आपल्या बाजूला जमणारं उत्तर असेल तेव्हाच बरोबर निघाले, आणि दोन बाजूंमधलं अंतर सगळ्यात जास्त कुणात होतं, तर गणित चांगलं असणाऱ्यांत. म्हणजे हुशारीने हा रोग बरा होत नाही, हुशार माणसाला आपलं घोडं पुढं दामटायला कारणं जास्त सापडतात एवढंच. म्हणून ग्रुपवर तुम्हाला सगळ्यात लांबलचक, आकडेवारीसकटची पोस्ट टाकणारा जो कोण असेल (तुम्हीच असाल बहुतेक, तुमच्या पत्रावरून तसं वाटतं) त्याच्यावर जास्त लक्ष ठेवायला पाहिजे.

कारखान्यात बिल तपासताना तुम्ही आधी पार्टीचं नाव बघून मग जीएसटीचा रेट ठरवत नाही. रेट आधी ठरलेला असतो, तो सगळ्यांना सारखा. राजकारणात नेमकं उलट होतं, नाव आधी बघतो आणि मग रेट ठरवतो. बाकी सगळं याच्या पोटात येतं.

तर आता "तेव्हाची परिस्थिती वेगळी होती" या वाक्याकडं नीट बघू, कारण हे वाक्य कधीकधी खरं असतं, आणि म्हणूनच त्याच्या मागं लपता येतं. पाण्याची परिस्थिती वर्षावर्षाला बदलते हे सोलापूरकराला सांगायला नको. 2023 ला पाऊस कमी झाला, उजनी भरली नाही आणि 2024 च्या उन्हाळ्यात धरण पार मायनसमध्ये, म्हणजे नेहमी वापरायच्या साठ्याच्या पण खाली, खोल गेलं. त्या उन्हाळ्यात पाणी उशिरा आलं तर त्यात नुसती महापालिकेचीच चूक असं म्हणता येणार नाही. पण मग दुसरी बाजू पण बघायला लागते, उजनी शंभर टक्के भरून भीमेला पाणी सोडलेलं असतं त्या वर्षी सुद्धा आपल्याकडं घागरी भरून ठेवाव्या लागतात, म्हणजे अडचण नुसती धरणात नाही. उजनीपासून सोलापूर जवळजवळ 110 किलोमीटर पाईपलाईनने, ती मधे फुटते, पंपाची लाईट जाते, टाक्या कमी, शहरातल्या लाईनी जुन्या, समांतर जलवाहिनीचं काम किती वर्षं रखडलं ते सगळ्यांनी बघितलंय आणि त्या वर्षांत वरची सरकारं पण बदलली. शिवाय 2022 च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, तरी आपण चहाच्या टपरीवर तुझे नगरसेवक माझे नगरसेवक करून भांडतच होतो.

आता तुम्ही एक काम करा, आणि हे एकट्याने करा, कुणाला दाखवायला नको. तुमचा तो जुना मेसेज कुठल्या महिन्यातला आहे ते बघा. तेव्हा उजनीत पाणी किती होतं, तुमच्या भागात किती दिवसाआड येत होतं, लाईन फुटली होती का, जबाबदार खुर्चीत कोण होतं, हे लिहा. त्याच्या शेजारी आजचं लिहा. फरक खरंच निघाला तर तो दाजींना सांगा, अगदी ताठ मानेने सांगा. नाही निघाला तर दोन मेसेजपैकी एक तुम्हाला मागं घ्यावा लागेल. कुठला घ्यायचा ते तुम्ही ठरवा. कदाचित तेव्हाचं जनावरं-बिनावरं जास्तीचं होतं असं वाटेल, कदाचित आजचं "दम धरा" चुकीचं वाटेल. माझं मत विचाराल तर चार दिवसाआड पाण्याला तेव्हा तुम्हाला आलेला राग बरोबर होता आणि पाच दिवसाआड पाण्याला आज पण यायला पाहिजे.

दाजींनी जे केलं त्याबद्दल पण बोलायला पाहिजे, कारण तुम्हाला ते लागलंय. सगळ्यांसमोर, जेवणाच्या ताटावर, मेव्हण्याचा जुना मेसेज वाचून दाखवणं, हे बरं नाही केलं त्यांनी. एकट्याला सांगता आलं असतं. पण मुद्दा म्हणून त्यांचा मुद्दा एकदम योग्य होता. आपल्याकडं प्रत्येक वादात "तेव्हा कुठं गेला होता बे?" हे येतंच, आणि लोक समजतात की हा प्रश्न नेहमीच पळवाटीचा असतो. तसं नाही. हाच प्रश्न दोन कामांना वापरतात. पहिलं काम, माप तपासायला: तू तेव्हा अमुक चूक म्हणालास, आज तीच गोष्ट आहे, मग आज काय म्हणतोस? याला उत्तर द्यावंच लागतं. दुसरं काम, तोंड बंद करायला: त्यांनी पण खाल्लं, मग आमच्याबद्दल बोलायचं नाही. यात पहिल्या चुकीचं उत्तर मिळतच नाही, उलट दोन चुका माफ होतात आणि नळ दोघांच्या राज्यात कोरडा तो कोरडाच. ओळखायची खूण सोपी आहे, प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर ऐकायचंय का विषय बदलायचाय ते बघायचं. दाजींना उत्तर ऐकायचं होतं असं मला वाटतं. तुम्ही मला विचारलंय की त्यांचा पक्ष पण धुतल्या तांदळाचा नाही हे कसं पटवू, तर भाऊ, हे दुसऱ्या कामाचं झालं. त्यांचा पक्ष कसा का असेना, त्याने तुमच्या मेसेजचं उत्तर मिळत नाही.

हे फक्त तुमच्या घरातलं नाही. आपण सगळ्यांनी चिमणीच्या वेळी बघितलं. सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी होटगी रोडच्या विमानतळाला आडवी येते का, हा उंचीचा, अंतराचा, विमान कुठल्या कोनातून चढतं-उतरतं याचा प्रश्न. तो मोजून सुटतो. पण त्या काळात शहरात कुणालाही विचारा, त्याला कुठला नेता आवडतो हे माहीत असलं की तो चिमणीच्या उंचीबद्दल काय म्हणणार हे आधीच सांगता यायचं. उंचीचा आणि नेत्याचा संबंध काय? 15 जून 2023 ला चिमणी पाडली, 2025 च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, आणि अजून पण कुणी हे सगळं नीट मांडून बघत नाही, की कुठलं नुकसान झालं, कुठला फायदा झाला, ज्याने त्याने आपापला विजय नाहीतर अन्याय धरून ठेवलाय. त्या सगळ्यात मला सरळ वाटले ते काही शेतकरी, जे म्हणायचे की माझा ऊस तिथं जातो, म्हणून मला चिमणी पाहिजे. आणि काही दुकानदार, जे म्हणायचे माझा माल बाहेर जायला पाहिजे, मला विमान पाहिजे. यात काही लपवलेलं नाही. स्वार्थ उघड सांगितला की त्यावर बोलता येतं, मधला मार्ग काढता येतो. आपल्या माणसाची बाजू घ्यायची म्हणून उंचीचे आकडे वाकवले की बोलायला काही उरतच नाही.

आणि महाराष्ट्रात तर आपल्याला परीक्षाच मिळाली होती. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये निवडणूक एकत्र लढलेले वेगळे झाले आणि समोरासमोर लढलेले एकत्र सरकारात बसले. 2022 च्या जूनमध्ये एक पक्ष फुटला, 2023 च्या जुलैमध्ये दुसरा. प्रत्येक वेळी बघा, ज्या नेत्यावर वर्षानुवर्षं आरोपांचे पाढे वाचले तो एका शपथविधीनंतर आपला झाला आणि पाढे थांबले, आणि जो काल वाघ होता तो आज गद्दार. हे सगळ्याच बाजूंना झालं, मी कुणाला सोडून बोलत नाहीये. आरोप खरे होते तर ते शपथविधीने धुतले जात नाहीत, आणि खोटे होते तर आधीच करायला नको होते. ज्यांनी अशा शपथविधीनंतर पण मत बदललं नाही, ना इकडं ना तिकडं, असे लोक मी बघितलेत, थोडे आहेत पण आहेत, आणि त्यांना दोन्ही ग्रुपमधून काढलं गेलं.

म्हणजे किंमत आहे, हे मी लपवत नाही. ग्रुपवर "हे आपलं चुकलं" एवढं तुम्ही लिहिलंत तर कुणीतरी विचारणार, किती पैसे मिळाले, दाजींनी फितवलं का. सणाला बोलावणं येणार नाही कदाचित. माणूस खोट्या युक्तिवादाला चिकटतो तो बहुतेक वेळा याच भीतीने चिकटतो, विचारापेक्षा संगत जास्त प्यारी असते, आणि असणारच, रोज संध्याकाळी चहाला जी माणसं असतात ती सोडून कोण जाईल? म्हणून मी तुम्हाला ग्रुपवर शूरपणा करा असं सांगत नाही. आधी त्या कार्यकर्त्याला एकट्याला भेटा. त्याला म्हणा, दादा, बाबांसाठी तुम्ही जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही, पण पाण्याचं आपल्याकडून होत नाहीये आणि लोकांसमोर मला होतंय म्हणता येत नाही. माझा अंदाज आहे की तो चिडणार नाही. वॉर्डात फिरणाऱ्या माणसाला नळाची खबर तुमच्यापेक्षा जास्त असते, आणि वर सांगायला त्याला पण असं कुणीतरी लागतं. चिडलाच, तर बेडचे उपकार तरीही तसेच राहतील, फक्त तुम्हाला कळेल की बदल्यात काय मागितलं जातंय.

ग्रुपमध्ये राहा, पण फॉरवर्ड करायच्या आधी एक सवय लावा: बातमीतलं पक्षाचं नाव मनातल्या मनात बदला. हेच दाजींच्या पक्षाने केलं असतं तर मी काय लिहिलं असतं? उत्तर वेगळं येत असेल तर त्या दिवशी काहीच पाठवू नका. सुरुवातीला फार जड जातं, कारण आपल्या बाजूची बातमी आली की बोट आधी चालतं आणि डोकं नंतर.

आणि कृपा करून यातून "सगळेच चोर, मला राजकारणच नको" या गल्लीत शिरू नका. तो पण एक कळपच आहे, आणि त्यातले लोक स्वतःला सगळ्यात शहाणे समजतात. सगळे सारखे म्हटलं की कुणाचंच काम तपासावं लागत नाही. तुमचा पक्ष तुमचाच ठेवा, प्रचार करा, मत द्या, पण मोजायची वेळ आली की मोजा.

आता दाजी. आक्काला निरोप देऊन मधे घालू नका, ती बिचारी आधीच दोन्हीकडून भरडली गेलीय. थेट दाजींना फोन करा. गुलाम म्हणालो ते चुकलं, हे पहिलं वाक्य, आणि त्याच्यापुढं "पण" लावायचा नाही. तुम्ही पण मला सगळ्यांसमोर, वगैरे आत्ता नको, ते त्यांना कधी सुचलं तर सुचू दे. मग त्यांच्या घरी जा, आईला आणि पोरांना घेऊन जा, पंचमी हुकली तर हुकली, आक्काचं माहेरपण रविवारी पण करता येतं.

तिथं राजकारण निघणारच. निघालं की एक करून बघा, आपल्याकडं शास्त्रार्थात जुनी रीत होती, स्वतःचं म्हणणं मांडायच्या आधी समोरच्याचा पूर्वपक्ष मांडायचा, आणि तो असा मांडायचा की समोरचा म्हणाला पाहिजे, हां, मला हेच म्हणायचंय. तुम्ही दाजींचं पाण्याबद्दलचं म्हणणं तुमच्या तोंडाने सांगा, वाकडं न करता, जमेल तेवढं चांगल्या शब्दांत. पहिल्या झटक्यात ते "नाही, असं नाही" म्हणतील. परत सांगा. त्यांनी "हां" म्हटल्याशिवाय आपलं सुरू करायचं नाही. ते तुमच्यासाठी असं करतील याची अट घालू नका आणि आशा पण धरू नका, पहिल्या भेटीत तर नाहीच. त्यांच्या डोक्यात पण कुठला तरी एक बेड असेल, कुणीतरी कधीतरी त्यांच्या उपयोगाला आलेलं असेल, ते विचारा एकदा. दाजी त्या पक्षाचे कसे झाले हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रात तुम्ही लिहिलं नाहीये.

पाण्यावर तुमचं दोघांचं भांडण कुणाच्या चुकीवरून आहे, पाणी येत नाही यावर तर दोघं एकच आहात. तर एक वही करा. तुमच्याकडं कुठल्या वारी आलं, किती वाजता, किती वेळ, प्रेशर कसं, हे तुम्ही लिहा, त्यांच्या भागातलं त्यांना लिहायला सांगा. दोन महिन्यांचं जमलं की दोघांच्या सहीने झोन ऑफिसला अर्ज द्या, वहीची झेरॉक्स जोडा, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.